ताप उतरला की कळवा

काटेसाहेबांना दोन सवयी होत्या. पहिली, कुठल्याही काट्यावर एकदम विश्वास न ठेवण्याची. दुसरी, आपलं वाक्य संपलं की क्षणभर थांबण्याची. पहिली सवय नोकरीनं लावली. वजनमापं तपासण्याच्या खात्यात ते निरीक्षक होते आणि दुकानात शिरले की मालकाच्या हसऱ्या स्वागताकडे न बघता थेट तराजूच्या काट्याकडे बघायचे, म्हणून बाजारानं त्यांना हे नाव दिलं. आधी ते पाठीमागे चालायचं, मग तोंडावर चालायला लागलं, आणि निवृत्त होईपर्यंत खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. दुसरी सवय लग्नानं लावली. साहेब काहीही बोलले की स्वयंपाकघरातून, गॅलरीतून, एकदा तर न्हाणीघराच्या बंद दाराआडून बाईंची दुरुस्ती यायची. तिच्यासाठी जागा सोडावी लागायची.

"परवा मंगळवारी मी बँकेत गेलो होतो," साहेब पाहुण्यांना सांगायला लागायचे.

"बुधवारी."

"तर तिथला तो उंच कारकून मला म्हणाला..."

"बुटका. उंच तो पोस्टातला."

बाई म्हणजे साहेबांची बायको. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. इमारतीतली निम्मी तरुण मंडळी त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई होत्या. नद्या कुठून कुठे जातात हे मुलांच्या कित्येक तुकड्यांना नकाशावर दाखवून दाखवून, समोरच्याचं बोलणं जरा वाट सोडून वाहायला लागलं की त्या त्याला परत पात्रात आणायच्या. यात वाईट हे की त्यांचं नेहमी बरोबर असायचं. एकदाही चुकल्या असत्या तर साहेबांनी तो दिवस सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवला असता. सगळ्या गावाची मापं तपासणाऱ्या माणसाचं माप घरात रोज तपासलं जायचं आणि रोज कमी भरायचं. साहेबांना हे लागायचं. बोलून दाखवायचे नाहीत, कारण बोलले असते तर त्याचीही दुरुस्ती झाली असती.

त्या वर्षी डासांचा मोसम आला तेव्हा साहेब गाफील मुळीच नव्हते. रात्री मच्छरदाणी, तिच्या चारही कडा गादीखाली खोचलेल्या, आत शिरण्यापूर्वी दोघांची कपडे झटकून तपासणी. इतका बंदोबस्त बँकेच्या तिजोरीलाही नसेल. पण हा डास निघाला दिवसपाळीचा. सकाळी आणि उतरत्या दुपारी, म्हणजे लोक जागे असताना, आपापल्या कामात असताना, तो आपलं काम करायचा. पुन्हा त्याला गटार आवडत नाही. स्वच्छ, साचलेलं, कुणीतरी प्रेमानं ठेवलेलं पाणी आवडतं. बाईंच्या गॅलरीत कुंड्या होत्या आणि कुंड्यांखाली बशा होत्या. तिथंच वेताच्या खुर्चीत पाय खाली सोडून बाई पेपर वाचायच्या आणि पेपरातल्या चुका पेनानं दुरुस्त करायच्या. डासाला आणखी काय हवं?

ताप आला तो न सांगता आला. सकाळी बाई व्यवस्थित होत्या आणि जेवणाच्या वेळेला त्या आडव्या झाल्या. दिवसा आडवं होणं हा प्रकार बाईंच्या राज्यात कायद्यानं बंद होता. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काय होतंय गं?"

"डोळ्यांच्या मागे कुणीतरी अंगठे रुतवतंय," बाई म्हणाल्या. "आणि हाडं बडवून काढल्यासारखी झालीयेत. सगळी. मला इतकी हाडं आहेत हे माहीत नव्हतं."

चौकातल्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. एकाच वेळी पेशंटकडे, घड्याळाकडे आणि दारातल्या गर्दीकडे बघू शकायची. तिनं डोळे पाहिले, दंडाला पट्टा बांधून कातडीवर उठलेले बारीक लाल ठिपके पाहिले आणि रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी निकाल हातात आला. डेंग्यू.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाली. "बहुतेक लोक घरीच बरे होतात. ताप आहे तोवर ही एकच साधी तापाची गोळी, मी लिहिलीय तेवढीच. अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी द्यायची नाही. या आजारात तिनं रक्तस्राव होऊ शकतो. पाणी, सरबत, सूप, जे जाईल ते सारखं पाजत राहा. लघवी नीट होतेय ना, लक्ष ठेवा. रोज रक्त तपासायचं. दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, नाहीतर यांना चावलेला डास तुम्हाला चावेल. आणि काका, ताप उतरला की मला लगेच कळवा."

पुढचं मूल रडायला लागलं होतं आणि डॉक्टरचे दोन्ही डोळे तिकडे गेले होते. साहेब बाईंना सावरत पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले.

ताप उतरला की कळवा?

चढला की कळवतात. उतरला की कशाला कळवायचं? अभिनंदन स्वीकारायला? साहेबांच्या डोळ्यांपुढे तराजूत उलट्या बाजूला बसवलेला काटा उभा राहिला. जन्मभर त्यांनी असले काटे ओळखले होते. बिचारी पोरगी दिवसाला शंभर पेशंट बघते, जीभ घसरायचीच. त्यांनी उदार मनानं तिला माफ केलं आणि ते वाक्य मनातल्या मनात सरळ करून ठेवलं.

"अगं, ती 'उतरला की' म्हणाली ना?" त्यांनी खात्रीसाठी विचारलं.

"घरी चला हो," बाई म्हणाल्या. "डोकं फुटतंय."

म्हणजे मान्य आहे, असा साहेबांनी अर्थ लावला. आक्षेप असता तर बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

घरी येताच साहेबांनी कारभार हातात घेतला. आधी गॅलरीतल्या बशा उपड्या केल्या. मग भिंतीवर जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू लावून तापाचा आलेख काढायला घेतला. कित्येक वर्षांनी त्यांना तपासायला काहीतरी मिळालं होतं आणि काळजीच्या खालून एक बारीक उत्साह डोकं वर काढत होता. त्याची त्यांना लाजही वाटत होती. बायकोच्या अंगात वणवा पेटलाय आणि आपण पट्टी घेऊन सरळ रेघा मारतोय. पण रेघा मारल्या नसत्या तर हातांचं काय करायचं हा प्रश्न होता.

पहिली अडचण थर्मामीटरची आली. घरातला जुना काचेचा एक सांगायचा, नवा बटणाचा दुसरंच सांगायचा. समोरच्या दारातला शेजारी, ज्याला सगळी इमारत 'सल्लागार' म्हणायची, त्यानं आपला आणून दिला, तर त्यानं तिसराच आकडा काढला.

"तीन मापं, तीन आकडे!" साहेब हादरले. "यातला एक तरी खोटा आहे."

"दोन," मच्छरदाणीतून क्षीण आवाज आला. "निदान दोन."

साहेबांनी तिन्ही थर्मामीटर रुमालात बांधले आणि आपलं जुनं खातं गाठलं. तिथे प्रमाणित माप असतं, त्याला लावून बघितलं की पाच मिनिटांचं काम. पण खिडकीवर नवा माणूस होता आणि त्यानं यांना ओळखलं नाही. हा पहिला घाव.

"डॉक्टरी उपकरण पलीकडच्या खिडकीला," तो म्हणाला.

पलीकडच्या खिडकीतल्या बाईनं रुमाल उघडून बघितला. "घरगुती वापराचं आम्ही बघत नाही. तुम्ही दुकानदार आहात का?"

"नाही. नवरा आहे."

"थर्मामीटर कुणाच्या मालकीचे?"

"बायकोच्या म्हणायचे. तापही तिचाच आहे."

"मग त्यांना घेऊन या."

"अहो, ती तापानं अंथरुणात आहे!"

"बऱ्या झाल्या की आणा," ती समजुतीनं म्हणाली आणि खिडकी लावली.

ज्या इमारतीत आपण खुर्ची मागे सरकवली की शिपाई दचकायचा, त्याच इमारतीतून साहेब रुमालाची गाठ आवळत बाहेर पडले. घरी आले तेव्हा मच्छरदाणीशेजारचा पेला रिकामा होता आणि बाईंचे ओठ कोरडे पडले होते.

"पाणी कोण देणार होतं मला?" बाईंनी विचारलं. रागावून नाही. नुसतंच.

साहेबांनी रुमाल टेबलावर ठेवला आणि पाणी आणलं. थर्मामीटरचा वाद त्यांनी तिघांची सरासरी काढून मिटवला. तत्त्वाला मुरड घालावी लागली, पण त्यानंतर पेला रिकामा राहिला नाही.

आजाऱ्याला लागणारं औषध एक असलं तरी शेजाऱ्यांकडचे उपाय शंभर असतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कसल्याशा पानांचा हिरवागार रस आणला. तो बाईंनी हुंगला, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा आधी तुम्ही प्या." सल्लागारानं कागदाच्या पुडीतून एक पांढरी गोळी आणली.

"अंगदुखी अशी पळते! माझ्या साडूला दिली, तो दुसऱ्या दिवशी फुटबॉल खेळला."

साहेबांनी पुडी उलटसुलट केली. "यावर नाव नाही. वजन नाही. उत्पादनाची तारीख नाही. हा माल बाजारात आला असता तर मी जप्त केला असता."

"अहो, गोळी आहे ती, साबण नाही!"

"म्हणून तर," म्हणत साहेबांनी गोळी मोरीत टाकली. डॉक्टरनं नेमकी असलीच गोळी देऊ नका म्हणून सांगितलं होतं हे त्यांना नंतर आठवलं. माणूस कधी कधी चुकीच्या कारणासाठी बरोबर वागतो. त्याचंही पुण्य जमा होत असेल अशी आशा करावी.

मनातल्या मनात सरळ केलेलं ते वाक्यही ते इमानेइतबारे पाळत होते. ताप चढला की फोन.

"डॉक्टर, एकशेतीन!"

"अपेक्षित आहे काका. पाणी देताय ना?"

थोड्या वेळानं पुन्हा. "आता एकशेतीनच्या वर!"

"काका, पोटात दुखतंय का? उलट्या? नाही ना? मग गोळी द्या, अंग पुसा."

तिसऱ्यांदा फोन दवाखान्यातल्या मदतनीस मुलीनं उचलला. आत विचारून आली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणतायत, ताप आहे तोवर त्यांना इतकी काळजी नाही."

साहेबांनी फोन ठेवला तो दुखावलेल्या मनानं. ताप आहे तोवर काळजी नाही! हे कुठलं वैद्यकशास्त्र? उद्या म्हणतील, काटा हलत नाही तोवर तराजू चांगला. त्यांनी ठरवलं, या डॉक्टरला आता पुन्हा फोन करायचा नाही. आपणही काही रस्त्यावर पडलेलो नाही.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे आलं हत्तीच्या पावलांनी आणि एका सकाळी पाहावं तर हत्तीच्याच पावलांनी निघून गेलेलं. बाईंचं अंग गार होतं. साहेबांनी घाईघाईनं थर्मामीटर लावले आणि काय आश्चर्य, तिन्ही पहिल्यांदाच एकमतानं बोलले. ताप नाही! तीन वेगवेगळे साक्षीदार एकच साक्ष देतात तेव्हा निरीक्षकानं आणखी काय बघायचं? आलेखाची रेघ खाली उतरून तळाला टेकली. साहेबांनी तिच्या टोकाला लाल पेन्सिलीनं गोल केला आणि खाली सही ठोकली.

रक्त घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "आता बऱ्या झाल्या त्या. उगाच कशाला रक्त सांडायचं?" वर त्याला चहा पाजला.

दुपारनंतर मंडळी जमली. कुणी बोलावलं नव्हतं, पण चांगली बातमी जिन्यावरून आपोआप वर-खाली जाते. सल्लागार आला. काकू आल्या, यावेळी रसाशिवाय. मंगळवार होता, बाजार बंद, म्हणून कोपऱ्यावरचा किराणावालाही बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन आला. एके काळी साहेबांनी याचा तराजू जप्त केला होता. गेली कित्येक वर्षं तो साहेबांना माल देताना चिमूटभर जास्तच घालायचा आणि साहेब तो चिमूटभर माल काढून परत त्याच्या पोत्यात टाकायचे. अशी त्यांची मैत्री होती.

बाईंना उशीला टेकवून वेताच्या खुर्चीत बसवलं होतं. लोक आले म्हणून त्यांनी केसही नीट केले होते. साहेब मध्ये उभे राहिले आणि हकीकत सांगायला लागले.

"शुक्रवारी दुपारी ताप आला..." म्हणाले आणि सवयीप्रमाणे थांबले. ताप शनिवारी आला होता हे त्यांना बोलता बोलताच कळलं होतं.

दुरुस्ती आली नाही.

साहेबांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत मैदान असं मोकळं कधी मिळालं नव्हतं. ते मोकळ्या मैदानात दौडायला लागले. खात्यातल्या खिडकीचा प्रसंग सांगताना त्यांनी स्वतःला दोन-तीन तडफदार वाक्यं बहाल केली. साहेब येताच सगळं ऑफिस उभं राहिलं, असंही एक वाक्य तोंडातून गेलं. त्यानंतर ते जरा जास्तच वेळ थांबले.

काहीच आलं नाही.

मंडळी हसत होती. काकू बिस्किट बुडवत होत्या. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्या बघत होत्या, पण साहेबांकडे नाही, खोलीकडेही नाही. एक हात पोटावर दाबून धरला होता.

तराजू बघायचा असला की निरीक्षक आपल्याजवळचं खरं वजन त्याच्या पारड्यात टाकतो. काटा हलायला हवा. हलका असो, जड असो, हलायला हवा. साहेबांनी घसा खाकरला आणि एक छोटं वजन टाकलं.

"आमचं लग्न झालं तेव्हा मी खात्यात साहेबच होतो."

कारकून होते. बाई हे दर वर्षी सांगायच्या. आज नाही सांगितलं.

त्यांनी मोठं वजन टाकलं. "आणि आमच्या बाई तर काय, शाळेत गणित शिकवायच्या."

"वा!" सल्लागार हसला. "साहेब आज फॉर्मात आहेत."

बाई काही बोलल्या नाहीत. भूगोलाला कुणी इतिहास म्हटलं तरी जेवण टाकणारी बाई गणित ऐकूनही गप्प बसली. काटा हलला नाही.

साहेब गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. तो गार होता, पण बऱ्या माणसाचा गार नव्हता. चिकट, ओला, निसटता होता. साहेबांना भीती वाटली. पेन्शन अडकल्याची, अपमान झाल्याची भीती त्यांना ठाऊक होती. ही तसली नव्हती. या घरात यापुढे आपण काहीही बोललो तरी ते तसंच राहील, चुकीचं, कुणीही न उचललेलं, ही भीती होती.

"अगं," ते हळू आवाजात म्हणाले, "काय होतंय?"

"पोटात फार दुखतंय," बाई म्हणाल्या. "सकाळपासून. दोनदा उलटी झाली. लोक आलेत, म्हटलं नंतर सांगू."

साहेबांनी डॉक्टरला फोन केला. मदतनीस मुलीचा आवाज आला तसे ते इतक्या मोठ्यानं ओरडले की डॉक्टर स्वतः फोनकडे धावत आली असावी.

"ताप कधी उतरला?"

"सकाळी."

"सकाळी! मी तुम्हाला काय सांगितलं होतं? ताप उतरला की कळवा!"

"मला वाटलं, तुमची बोलण्यात चूक झाली," साहेब म्हणाले. "तुम्हाला 'चढला की' म्हणायचं होतं."

"तुम्ही माझं वाक्य दुरुस्त केलंत?"

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, ऐका. या आजारात ताप उतरतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होतो. काही जणांच्या रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपायला लागतं, रक्तदाब पडतो. पोटदुखी, उलट्या, गार हातपाय, एकदम गप्प होणं, या सगळ्या त्याच्याच खुणा आहेत. आहेत तशाच त्यांना मोठ्या रुग्णालयात न्या. मी तिथे फोन करून ठेवते. आत्ता."

"रिक्षा," साहेब म्हणाले. "रिक्षा बघतो. पैसे. चप्पल." आणि खोलीच्या मध्येच उभे राहिले. तेवढ्यात सल्लागार म्हणाला, "माझं ऐका, आधी थोडं..." पण काकूंनी त्याला बोटानं गप्प केलं. ते बोट काकू बाईंकडूनच शिकल्या होत्या.

"साहेब, गाडी खाली उभी आहे," किराणावाला म्हणाला. "बाजार बंद आहे, रिकामीच आहे. चला."

त्या मालाच्या हिरव्या गाडीत पोत्यांवर गादी टाकून बाईंना झोपवलं. कोपऱ्यात एक तराजू होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा काटा वेड्यासारखा नाचत होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते आणि मुद्दाम चुका करत होते.

"बघ, डाव्या हाताला शाळा आली." उजवीकडे होती. "आता नदीवरचा पूल येईल." नदी दुसऱ्याच बाजूला होती. ही असली चूक बाईंनी एरवी नकाशा काढून दाखवली असती. "बोल ना गं," ते म्हणाले. "चुकतंय ना माझं? सांग ना."

बाईंनी डोळे उघडले, काहीतरी बोलायला ओठ हलवले आणि परत मिटले.

रुग्णालयातल्या लोकांनी बाईंना हातोहात घेतलं. सुई लागली, बाटली टांगली गेली. पाणी कमी पडलं तरी वाईट आणि जास्त झालं तरी वाईट, म्हणून ते थेंब थेंब मोजून जाणार होतं आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन रक्तदाब बघत होतं. साहेब खाटेशेजारी बसले. समोर थेंब पडत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या समोर एक माप चाललं होतं आणि ते तपासायला त्यांचे हात शिवशिवत नव्हते. दुसऱ्यानं भरलेलं माप बरोबर असू दे, एवढंच ते मनात म्हणत होते. आपण तपासलेली तीन मापं एकमतानं बोलली होती आणि तिन्ही खरं बोलली होती. ताप नव्हताच. चुकला होता तो वाचणारा.

डॉक्टर संध्याकाळी आपली गर्दी संपवून आली. साहेब उभे राहिले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. "मी..." एवढंच आलं.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाली. "एकदम गप्प झाल्या, हे कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या."

"चांगलं लक्ष असतं तुमचं."

साहेबांनी मान खाली घातली. लक्ष नव्हतं. सवय होती. बत्तीस वर्षं, की तेहतीस, ते प्रत्येक वाक्यानंतर त्या दुरुस्तीची वाट बघत थांबत आले होते आणि प्रत्येक वेळी ती आली की मनात कडवट झाले होते. ती आली नाही तर जगायचं कसं, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

रात्र कशीबशी गेली. दुसऱ्या दिवशी बाई नुसत्या पडून होत्या, पण हात उबदार झाले. त्यापुढच्या दिवशी रक्ताचे आकडे सुधारायला लागले, पोटदुखी थांबली, अंगाला खाज सुटली. खाज सुटली हे बरं होण्याचं लक्षण आहे असं परिचारिका म्हणाली. साहेबांना जगातल्या कुठल्याही खाजेचा इतका आनंद झाला नव्हता. मग बाईंनी सूप मागितलं, अर्धं प्यायल्या आणि डोळे मिटून टेकल्या. पण अजून बोलणं असं नव्हतं. विचारलं तर हो, नाही. साहेब बोलायचे, थांबायचे आणि परत बोलायचे.

शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्या बाईंना त्यांची बहीण सोबत करत होती. गप्पिष्ट, मायाळू बाई. तिनं विचारलं, "यांना कधी आणलंत हो?"

"मंगळवारी," साहेब म्हणाले. "दुपारनंतर." आणि थांबले. आशेनं नव्हे, नुसत्या सवयीनं.

"बुधवारी," मागून आवाज आला.

कोरडा, बारीक, वाळलेल्या पानासारखा आवाज. पण त्यात तीच धार होती. साहेब सावकाश वळले. बाईंचे डोळे मिटलेलेच होते. कपाळावर एक नाराजीची आठी मात्र उमटली होती. ती ओळखीची होती.

मंगळवारच होता. बाजार बंद होता, म्हणून तर गाडी रिकामी मिळाली. साहेबांना तो मंगळवार जन्मात विसरता येणार नव्हता. म्हणजे ज्या दिवसाची ते लग्नापासून वाट बघत होते तो दिवस आज उजाडला होता. बाई चुकल्या होत्या. साक्षीदारही समोर बसला होता.

"नाही हो ताई," ती शेजारची बहीण सरळ मनानं म्हणाली, "मंगळवारच तो. आत्ता आठवलं मला, आम्ही सोमवारी आलो आणि दुसऱ्याच दिवशी मी खिडकीतून पाहिलं, तुम्हाला त्या हिरव्या गाडीतून..."

साहेब तिच्याकडे वळले. ती नजर पुष्कळ वर्षांपूर्वी बाजारात ओळखली जायची. ती पडली की भलेभले दुकानदार तराजूवरचा हात काढून घ्यायचे.

"बुधवार होता," साहेब म्हणाले.

आपलं काय चुकलं हे बहिणीला कळलं नाही. साहेबांनी खुर्ची खाटेजवळ ओढली, बाईंच्या अंगावरची चादर सारखी केली आणि पेल्यात पाणी ओतलं.

"बुधवारच होता," ते परत म्हणाले. आणि वाक्य संपल्यावर क्षणभर थांबले.